एका पिंगळ्याची खरी नोंद



पिंगळा तुम्हां सर्वांच्या ओळखीचा. तिन्हीसांज झाली की झाडाच्या ढोलीतून बाहेर येतो, तारेवर बसतो आणि कर्कश आवाजात आपापसांत भांडू लागतो. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याच पिंगळ्याचा एक भाऊबंद आपल्या सातपुड्याच्या रानात राहतो. त्याचे डोके मोठे, त्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. आणि हा गडी भर दिवसा उघड्या फांदीवर बसून सरडे-उंदीर टिपतो. त्याला वनपिंगळा म्हणतात. अभ्यासकांच्या लेखी हा पक्षी एकशेतेरा वर्षे हरवलेला होता. तो कसा सापडला, ती हकिगत आज सांगायची आहे. शिक्षक बंधुभगिनींनी ती जरूर ऐकावी.

पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या ह्यूमसाहेबांना पक्ष्यांचा मोठा नाद होता. पण एवढा हा देश, एकट्याने किती पाहणार? म्हणून त्यांनी १८७२ च्या सुमारास पक्ष्यांविषयीचे एक नियतकालिक सुरू केले. त्याचे नाव ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे विखुरलेली पिसे. ठिकठिकाणचे अंमलदार, डॉक्टर, शिकारी आपापल्या मुलखातील पक्ष्यांची माहिती त्यांना पाठवीत, आणि ती छापली की सर्वांची होई. ब्लुइट नावाच्या गृहस्थांनी आजच्या छत्तीसगडातून असाच एक पिंगळा पाठविला. हा पक्षी नवा आहे हे ह्यूमनी ओळखले आणि १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

त्यानंतर आपल्या खानदेशात जेम्स डेव्हिडसन हे सनदी अधिकारी आले. त्यांना शहादा-तळोद्याच्या रानात हाच पक्षी आढळला. त्यांनी काही नमुने जमविले, प्रत्येकाला ठिकाण व तारीख यांची चिठ्ठी बांधली आणि पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक यादी ह्यूमच्या नियतकालिकात छापविली. १८८४ नंतर मात्र वनपिंगळ्याची खात्रीलायक नोंद कोणी केली नाही. तो नामशेष झाला, असेच लोक धरून चालले.

मधल्या काळात एक विचित्र गोष्ट घडली. मायनर्टझागेन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने सांगितले की, १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ मी हा पक्षी टिपला. नमुना होता, चिठ्ठी होती. मग अविश्वास कोण दाखवणार? त्या भरवशावर पुढे शोध झाले आणि ते वाया गेले. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषींनी तो नमुना बारकाईने तपासला. तेव्हा कळले की, तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच पक्षी होता! पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती, बस्स.

खोटी नोंद बाजूला काढली, तेव्हा खऱ्या नोंदींतली ठिकाणे उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे त्या वाटेने निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पोचले. आणि काय बघता! निष्पर्ण झाडावर, भर उजेडात, वनपिंगळा बसलेला. डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांनी शंभर वर्षांनंतर वाट दाखविली होती.

पुढे तोच पक्षी मेळघाटात व मध्य प्रदेशातील रानांत आढळला. २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. अशा नव्या ठिकाणांच्या नोंदी एकत्र झाल्या, आणि २०१८ मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त वर्गातून संकटग्रस्त वर्गात घेतले गेले. याचा अर्थ धोका टळला असा नव्हे. झाडे तुटतात, रानाची शेते होतात. पण कोणते रान राखायचे, हे आता निदान सांगता येते.

तुम्ही म्हणाल, आम्ही खेड्यातली माणसे, आमच्या नोंदीला कोण विचारतो? तर ऐका. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक अहवाल निघाला. सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांनी दिलेल्या तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यावे असे ठरले. नोंदी करणारे बहुतेक सगळे तुमच्या-आमच्यासारखेच हौशी लोक होते.

तेव्हा गुरुजी, शाळेत एक जाड वही ठेवा. मुलांना लिहू द्या: तारीख, वेळ, गाव, शिवार, कोणता पक्षी, किती, आणि पाहणारा कोण. गावातले नाव असेल तर तेच लिहा. ओळख पटली नसेल तर ‘खात्री नाही’ असे लिहायला मुलांनी लाजू नये. कावळे-साळुंक्याही मोजा, आज भरपूर असलेला पक्षी उद्या कमी झाला, हे जुन्या वहीवाचून कसे कळणार? आणि ती वही कपाटात कोंडू नका, अभ्यासकांपर्यंत पोचवा. मात्र दुर्मिळ पक्ष्याचे घरटे कोठे आहे, याचा बोभाटा करू नका.

डेव्हिडसनच्या चिठ्ठीवर फार मजकूर नव्हता. गाव होते, तारीख होती, आणि दोन्ही खरी होती. तेवढे तर आपल्यालाही जमेल.