ट्राम गेली, रस्ता कोणाचा झाला?

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. त्याआधी तीनच महिने, डिसेंबर १९६३ मध्ये, विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने मुंबईसाठी जलदगती मोटारमार्ग सुचवणारा अहवाल दिला होता. ट्राम बंद झाल्यावर वर्षभराने, एप्रिल १९६५ मध्ये, केम्प्स कॉर्नरला शहरातला पहिला उड्डाणपूल वाहनांसाठी खुला झाला. ट्राम जुनाट झाली, काळाच्या मागे पडली म्हणून गेली, असे सहसा सांगितले जाते. या तीन घटना शेजारी ठेवून पाहिल्या की आणखी एक कारण समोर येते. त्या दोन वर्षांत मुंबईने रस्त्यावरचा पहिला मान सार्वजनिक वाहनाकडून काढून खासगी मोटारीला दिला. आजच्या कोंडीचे, अपघातांचे आणि धुराचे मूळ बऱ्याच अंशी त्या निवडीत आहे.

मुळात ही ट्राम आली तीच रस्त्यावरची जागा रीतसर मागून. १८६५ मध्ये तिचा पहिला प्रस्ताव आला, पण अमेरिकेतले यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या आणि बेत बारगळला. पुढे कंपनी स्थापन झाली, सरकारने ट्रामसाठी स्वतंत्र कायदा केला आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम धावू लागली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. भाडे तीन आणे होते, पण गर्दी वाढली तसे ते लवकरच कमी करण्यात आले. या सेवेसाठी कंपनीच्या पागेत शेकडो घोडे पोसावे लागत. रुळांमुळे चाकाला होणारे घर्षण कमी होई, म्हणून खडबडीत रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या घोड्यांपेक्षा तेवढेच घोडे कितीतरी जास्त माणसे नेत. कमी शक्तीत जास्त माणसे, हे ट्रामचे सूत्र पहिल्या दिवसापासून होते.

७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि हे सूत्र अधिक पक्के झाले. चालक पुढच्या फलाटावर उभा राहून पितळी हँडल फिरवी आणि पायाने घंटा वाजवी, छपरावरचा दांडा वरच्या तारेतून वीज घेई. रस्त्यावर ना लीद ना धूर. आरंभी ही वीज वाडीबंदरच्या केंद्रात तयार होत असे, पुढे खोपोलीच्या पाण्यावर बनलेली टाटांची वीज शहरात आली. ज्या विद्युत वाहतुकीला आज आपण भविष्य म्हणतो, ती या शहराने शंभर वर्षांपूर्वीच चालवून दाखवली होती. १९२० मध्ये दुमजली ट्रामही आली. तिकीट बराच काळ एक आण्याचे राहिले, त्यामुळे लालबाग-परळच्या गिरणी कामगारालाही ते परवडे.

ट्रामच्या विरोधात सांगितली जाणारी कारणे खोटी नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध चाले, मागच्या वाहनांना अडवी, आणि उतारूंना चालत्या रहदारीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोहोचावे लागे. पण ट्राम रेंगाळे ती बहुतांशी रुळांवर मोटारी, हातगाड्या आणि टांगे येत म्हणून. उतरायची जागा धोक्याची होती, कारण तिथे उंच, सुरक्षित थांबे बांधले गेले नाहीत. हे दोष रस्त्याच्या मांडणीतले होते, आणि मांडणी सुधारता येते. झुरिकने ते करून दाखवले. तिथल्या मतदारांनी १९६२ मध्ये ट्राम जमिनीखाली नेण्याची योजना नाकारली, १९७३ मध्ये भुयारी रेल्वेही नाकारली, आणि मग रस्त्यावर व सिग्नलवर ट्रामला अग्रक्रम दिला. आजही त्या शहराची वाहतूक ट्रामवर उभी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बसला रूळ लागत नाहीत, मार्ग बदलता येतो, ती वाढत्या उपनगरांत पोहोचते. हे खरेच आहे. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावलेल्या पहिल्या बसपासून बेस्टने या शहराची जी सेवा केली, तिला तोड नाही. परंतु रुळांबरोबर रस्त्यावरचा ट्रामचा हक्कही गेला आणि बसला तो कधी मिळालाच नाही. साठ माणसे नेणारी बस एका माणसाच्या मोटारीमागे त्याच रांगेत अडकते, तिचा खर्च वाढतो, फेऱ्या घटतात, प्रवासी दुचाकी घेतो आणि रांग आणखी लांबते. एके काळी चार हजारांवर असलेला बेस्टचा ताफा आता तीन हजारांच्याही खाली आला आहे. मग तोट्याचा मुद्दा काढला जातो. मात्र २०२४ मध्ये खुला झालेल्या, विल्बर स्मिथच्याच विचाराचा वारसा सांगणाऱ्या किनारी रस्त्यावर हजारो कोटी खर्च झाले, टोल घेतला गेला नाही, आणि त्याच्या ताळेबंदात नफा कोणी शोधला नाही. मोटारीचा रस्ता ही सोय आणि बस हा तोटा, हा हिशेब न्याय्य नाही.

ट्रामचे रूळ पुन्हा टाका, असा याचा अर्थ नाही. काळबादेवीच्या पोटातून आता भुयारी मेट्रो धावते आणि ती हवीच होती. पण मेट्रोच्या स्थानकातून बाहेर पडलेल्या माणसाला पदपथ आणि बस लागतेच. मुंबई महानगराच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचे दिसले होते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांपेक्षा माणसांच्या हालचालीला महत्त्व दिले आहे. तेव्हा प्रत्येक रस्त्याच्या आराखड्यावर पहिला प्रश्न हाच हवा, की इथून तासाला किती माणसे जातील. उत्तरात बसची राखीव मार्गिका आणि अखंड पदपथ आधी यावेत, मोटारीने उरलेली जागा घ्यावी. १९६४ मध्ये शहराने हा क्रम उलटा लावला. तो लावणारी माणसेच होती, म्हणून तो बदलणेही आपल्याच हातात आहे.