नवा बॉलर कुणाच्या तागडीत?

रविवारी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातलं कुठलंही मोकळं मैदान बघा. टेनिस बॉलच्या मॅची चालू असतात. टीमीत नवा बॉलर आला की कप्तान त्याच्याकडून दोन ओव्हर टाकून घेतो. टप्पा कुठं पडतो, बॉल वळतो का, षटकार बसल्यावर पोरगा ढिला पडतो का, हे बघतो. इथवर सगळं ठीक. मग झाडाखाली बसलेला कुणीतरी हळूच विचारतो, ‘पूर्ण नाव काय रे तुझं?’

आपल्या पोरांना हा प्रश्न बरोबर कळतो. मलाही एकदा विचारला गेला. मी आडनाव सांगितलं आणि तिसरी ओव्हर मला मिळालीच नाही. रडगाणं म्हणून हे सांगत नाही. हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात विचारला गेला होता. ज्याला विचारला तो हिंदुस्थानातला पहिला मोठा बॉलर होता आणि जातीनं चांभार होता. त्याचं नाव पालवणकर बाळू. आपल्यातल्या किती जणांना ते ठाऊक आहे?

बाळूचा जन्म १८७६ साली धारवाडचा. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवणी गावचं. बाप लष्कराच्या चाकरीत, म्हणून पोरं पुण्याच्या छावणीत वाढली. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-बॉलवर क्रिकेट शिकली. बाळूला पहिली नोकरी लागली ती पारशांच्या क्लबात, महिना तीन रुपये पगारावर. काम मैदान झाडायचं, पिच लोळवायचं. १८९२ च्या सुमारास तो इंग्रजांच्या पूना क्लबात गेला. तिथं पगार चार रुपये. रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावाला बॉल टाकायचे.

डावखुरा, संथ, वळवणारा हात. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नाणावलेला इंग्रज फलंदाज. तो रोज आधी येऊन बाळूकडून बॉल टाकून घ्यायचा. बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी कथा सांगतात. आता हिशेब करा. आठ वेळा साहेबाची विकेट घेतली की चार रुपये, म्हणजे महिन्याभराचा पगार. बोटं तयार व्हायला याहून चांगली शाळा कुठली? पण त्या क्लबात त्यानं शेकडो तास बॉल टाकले आणि बॅट त्याच्या हाती एकदाही दिली गेली नाही. घाम गाळायचं काम त्याचं, खेळायचं काम साहेबाचं. गिरणीत ज्यानं पाळी केली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुण्याच्या हिंदूंना साहेबांना हरवायचं होतं. त्यासाठी बॉलर पाहिजे होता आणि तो समोरच्याच मैदानावर रोलर ओढत होता. क्लबात वाद पेटला. तेलंग सभासद म्हणाले, घ्या. मराठी ब्राह्मण सभासद म्हणाले, चांभाराला कसं घेणार? शेवटी ग्रेगनंच वर्तमानपत्रातून सुनावलं की असल्या माणसाला बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. मग घेतलं. लक्षात ठेवा, साहेबाचा दाखला मिळाल्यावर घेतलं.

आणि कसं घेतलं? मैदानावर त्यानं हाताळलेला बॉल सगळे हाताळणार. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत कपबशीत पिणार आणि बाळू बाहेर मातीच्या भांड्यात. तोंड धुवायचं तर पाणी घालायला अस्पृश्य नोकर. जेवायला ताट वेगळं, टेबल वेगळं. चामड्याचा बॉल त्याच्या हातून घेताना बाट लागत नव्हता, पाणी घेताना लागत होता! ह्या शास्त्रात बाट कधी लागतो ते गरजेवर ठरतं. विकेट पाहिजे असली की बाट सुट्टीवर जातो.

साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्यानं बाळूच्या धास्तीनं आठवडाभर पिच लोळवून पाटासारखं केलं, तरी त्यानं सात गडी टिपले. पुण्यात सत्कार झाला. खेळायला चालतो तर पंगतीला का चालत नाही, असं न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्याच लोकांना विचारलं. चांगली गोष्ट. पण रानड्यांनी विचारावं लागलं, हेही इतिहासात लिहिलं पाहिजे.

१८९६ ला प्लेग आला. बाळू मुंबईला गेला, रेल्वेत नोकरी धरली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. तिथंही आधी काही सभासदांनी नाकं मुरडली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. बाळूनं पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्यात पाच गडी काढले. धाकटा भाऊ शिवरामही त्या संघात होता. मुंबईत हळूहळू पंगतीचं कुंपणही ढिलं झालं.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली हिंदी संघ विलायतेला गेला. २३ सामन्यांपैकी सहा जिंकले, पंधरा हरले. ह्या पडझडीत बाळूनं ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ. महाराज राजवाड्यातला आणि बॉलर रोलर ओढणारा, पण दौऱ्याची अब्रू राखली ती बॉलरनं. परत आल्यावर दलितांनी त्याचा सत्कार केला. त्या मानपत्रामागे तरुण आंबेडकर होते, असं इतिहासकार रामचंद्र गुहांनी नोंदवलं आहे.

तेव्हा बॉलर म्हणून बाळूची परीक्षा पूर्ण झाली होती. आता पाळी होती कप्तानीची, आणि इथं तागडी बदलली. गडी बाद करायला चांभार चालतो, हुकूम करायला चालत नाही. वर्षामागून वर्षं गेली. त्याच्याहून ज्येष्ठ कुणी नव्हतं, तरी कप्तानी दुसऱ्यांकडे. कप्तान पै यांनी स्वतः १९१३ मध्ये जाहीर सांगितलं की हा मान बाळूचा होता. १९२० साली पै खेळू शकत नव्हते तेव्हा बाळूला संघातूनच वगळलं आणि शिवराम-विठ्ठल ह्या भावांना डावलून देवधरांना पुढं केलं. भावांनी जाहीर निवेदन काढून संघ सोडला. खेळाडूंचा हा संपच होता म्हणा! गाजावाजा झाला आणि अंतिम सामन्याला बाळूला उपकप्तान म्हणून परत आणावं लागलं. पै मुद्दाम थोडा वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळू कप्तान. पुढं १९२३ ला विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याच्या खांद्यावर पाय देऊन धाकटा चढला.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यातला पिचर म्हणजे आपला बॉलर. तिथं काळ्यांना गोऱ्यांच्या मोठ्या संघांची दारं १९४७ पर्यंत बंद होती. सॅचेल पेज हा थोर काळा पिचर आयुष्यभर काळ्यांच्या संघांतून खेळला. जुलै १९४८ मध्ये क्लीव्हलँडनं त्याला घेतलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. आधी कप्तानानं स्वतः बॅट धरून त्याची चाचणी घेतली. हा तर तमाशा आहे, अशी टीका झाली. पेजनं त्या मोसमात सहा सामने जिंकले, एक हरला, आणि क्लीव्हलँडनं अजिंक्यपद पटकावलं. पण त्याची जवानी कुणी परत दिली? आपल्या पँथरनं १९७२ साली नाव त्यांच्याकडून उगीच घेतलं नव्हतं. दुखणं एकच होतं.

आता जड भाग. तो टाळला तर हा लेख खोटा ठरेल. १९३२ मध्ये बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं उभा राहिला. पुणे कराराखाली त्याची सही आहे. १९३७ ला मुंबईत काँग्रेसनं त्याला थेट बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. ज्यांनी त्याला कधी कप्तानी दिली नाही, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांविरुद्ध मात्र बाळू बरोबर सापडला. पुन्हा तेच: बॉल टाक, पण त्यांच्यासाठी.

तो चुकला असं माझं मत आहे. पण त्या एका निवडणुकीपायी आपण त्याला आपल्या वहीतून खोडून टाकलं. चांभार बांधवांनी त्याची जयंती करावी, बौद्धांनी त्याचं नाव काढू नये, असे वाटे पडले. दोस्तहो, ही पण आडनाव विचारायचीच तऱ्हा झाली! फक्त विचारणारे आपण. माणूस तोलायचा तर पुरा तोलावा. १९३७ एका रकान्यात लिहू, ठळक लिहू. दुसऱ्या रकान्यात ३३ प्रथमश्रेणी सामने, १७९ गडी, सरासरी १५.२१. आणि तिसऱ्या रकान्यात ती मातीची भांडी, जी त्यानं मैदानाबाहेर बसून ओठाला लावली आणि पुन्हा आत जाऊन बॉल टाकला.

४ जुलै १९५५ ला बाळू मुंबईत वारला. पुढच्या रविवारी मैदानावर कुणी नव्या पोराला पूर्ण नाव विचारलं, तर त्याला आधी पालवणकर बाळूचं नाव सांगा. मग म्हणा, पोराला तिसरी ओव्हर टाकू दे.