साखरेविना गोड: अष्टागरातले खिम्याचे गोळे

आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे, पण प्रश्न इतिहासाचा आहे. आंबट-गोड रश्श्यातले खिम्याचे गोळे, आणि तेही साखरेचा किंवा गुळाचा कण न घालता. रायगडच्या किनाऱ्यावर ही गोडी येते कुठून, ते आज आपण पाहू.

आधी जरा लांब जाऊन येऊ. मांस आंबट-गोड शिजवायची रीत फार जुनी. बगदादमध्ये 1226 साली लिहिलेल्या एका पाकपुस्तकात 'सिकबाज' नावाचा पदार्थ आहे. त्यात आंबटपणा सिरक्याचा, गोडी खजुराच्या रसाची किंवा मधाची. आता पोलंडकडे वळू. तिथल्या यहुदी घरांतही आंबट-गोड पदार्थ होतेच. पण एकोणिसाव्या शतकात त्या मुलखात बीटापासून साखर काढणारे कारखाने उभे राहिले आणि काही भागांतल्या यहुदी स्वयंपाकात साखर सढळ हातानं पडू लागली. लिथुआनियाकडचे यहुदी मात्र तोच माशाचा पदार्थ मिरी घालून तिखट करत राहिले. धर्म एक, सण एक, पण चव वेगळी. जिथं जे पिकतं आणि जे स्वस्त मिळतं, तेच पातेल्यात पडतं.

हीच मोजपट्टी आता अलिबागला लावू. इथं बेने इस्रायली समाज शतकानुशतकं राहिला. त्यांच्या परंपरेप्रमाणे नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढं ते गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. किहीमचे ते किहीमकर, नवगावचे नवगावकर, चौलचे चौलकर, पेणचे पेणकर. बोली मराठी, पेहराव इथलाच, ताटही इथलंच. फक्त ताटाला काही नियम. मासा खवल्यांचा आणि परांचाच हवा. मांस धर्माच्या रीतीनं कापलेलं आणि मीठ लावून रक्त काढलेलं हवं. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही.

यावरून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की दूध चालत नाही म्हणून या लोकांनी नारळाचं दूध वापरायला सुरुवात केली. ऐकायला छान वाटतं, पण आम्हाला ते पटत नाही. शेजारचे कोळी, आगरी, कोकणी मुसलमान, कायस्थ प्रभू यांच्यावर असा नियम नव्हता, तरी त्यांच्या कालवणातही नारळ आहेच. नारळ नियमामुळे आला नाही, तो दारातच होता. नियमाला तो सोयीचा पडला, एवढंच. इतिहासात कारण आणि सोय यांत फरक करावा लागतो.

मग गोडी कुठली? दोन वस्तूंची. पहिली अर्थात नारळाचं घट्ट दूध. दुसरी अलिबागचा पांढरा कांदा. भात कापून झाला की त्याच शेतात हा कांदा लावतात. कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांचा तो विशेष. तिखटपणा कमी, चव गोडसर. वेण्या घालून माळा टांगतात, त्यामुळे पुढं पावसाळ्यातही हाताशी राहतो. 2022 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि गंमत बघा, याच खंडाळे परिसरात बेने इस्रायली ज्याला एलियाहू हन्नाबीचा टप्पा मानतात, तो खडक आहे. श्रद्धेची जागा आणि कांद्याचं शेत एकाच शिवारात.

आंबटपणाला आमसूल, चिंच किंवा हंगामात कैरी.

आता कृती सांगतो, कारण युक्तिवाद तिच्यातच आहे. अर्धा किलो मटणाचा खिमा, त्यात आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद आणि बांधायला चमचाभर तांदळाचं पीठ. मांस मिठातून काढलेलं असेल तर मीठ बेतानं. लिंबाएवढे गोळे वळायचे. तीन-चार पांढरे कांदे बारीक चिरून तेलात मंद आचेवर परतायचे, चांगले पंधरा-वीस मिनिटं. इथं घाई केली की सगळं बिघडतं. कांदा जळला तर कडू होतो, कच्चा राहिला तर उग्र. मऊ होऊन आटला की त्याची स्वतःची साखर जिभेला कळते. मग मसाला, नारळाचं दुसरं पातळ दूध, आणि उकळी आली की गोळे सोडायचे. पहिली दहा मिनिटं डाव घालायचा नाही, नाहीतर गोळे फुटतात. शिजले की आच कमी करून पहिलं जाड दूध, आणि अगदी शेवटी पाच-सहा आमसुलं. आंबट आधी घालून खळखळ उकळलं तर दूध फाटतं.

म्हणजे इथं साखरेचं काम वेळ करतो. साखर चमच्यानं पडते, कांद्याची गोडी थांबून मिळवावी लागते.

साखर आपल्याकडे स्वस्त झाली ती अलीकडे. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 सालचा. त्यानंतर घाटावर उसाचं राज्य आलं आणि घरोघरी डबे भरले. किनाऱ्यावर मात्र खारं पाणी, भात आणि वाड्या. साखर घालायचीच नाही, असं व्रत इथं कुणी घेतलं नव्हतं. तिची गरजच पडली नाही. मधुमेह असलेल्या मंडळींना एक सांगायला हवं: कांद्यात आणि नारळातही साखर असतेच, शिवाय सोबत भात येतो. वरून साखर घातली नाही म्हणजे मोकळं रान मिळालं, असं नव्हे.

शेवटचा मुद्दा, आणि तो आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1948 नंतर बेने इस्रायली मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. अलिबाग, रेवदंडा, पेण इथं प्रार्थनालयं उभी आहेत, माणसं थोडी उरली आहेत. लोणी-दुधाचा नियम सोबत नेता येतो, पुस्तकात लिहिता येतो. वाडी नेता येत नाही. आणि वाडी इथंही अबाधित नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं आणि अलिबाग-मुरूडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. उंच जातीचा माड नव्यानं लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. मधल्या काळात लोक काय करतात? डब्यातली भुकटी आणतात, बाजारचा कुठलाही कांदा घेतात, चव जमत नाही म्हणून चिमूटभर साखर टाकतात. पाच-सात वर्षांनी तीच 'पारंपरिक' कृती ठरते.

म्हणून पाककृती टिपून ठेवताना नुसतं साहित्य लिहू नका. कांदा कुठल्या गावचा, नारळ कुठल्या वाडीतला, कांदा किती वेळ परतला, हेही लिहा. घरात जी वडीलधारी बाई हे करते, तिला आत्ताच विचारा. तो कागद पुढच्या अभ्यासकाला कुठल्याही दप्तराइतकाच उपयोगी पडेल.