फडताळाची दारं

वेळापूरचं आमचं घर १९५५ च्या आसपासचं. स्वयंपाकघरातली कपाटं बदलायची होती, बजेट मात्र तुटपुंजं. जुन्या घरात सुटं कपाट कुठलं? जाड भिंतीतलं फडताळ! स्वयंपाक चुलीपुढे बसून व्हायचा, म्हणून सगळं खाली, हाताशी.

उभ्याने काम करायचं, ओट्याला लागून सलग कपाटं, हा आराखडा १९२६ चा. वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी तो फ्रँकफर्टमध्ये परवडणाऱ्या सरकारी घरांसाठी केला. आज त्याचंच ‘मॉड्युलर’ रूप शोरूममध्ये महागात मिळतं, बोला!

आईचे गुडघे दुखतात. म्हणून वरची फडताळं तशीच ठेवून फक्त दारं बदलली. वाचलेले पैसे उंच कडप्प्याच्या ओट्यात घातले. आता तिला वाकावं लागत नाही. मॉड्युलर राहिलं, असो!