तळटीप : गुदाशयाचा वाढलेला कर्करोग आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया
मूळ मजकुरात दुर्बिणीची शस्त्रक्रिया कमअस्सल ठरवली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीचा आधार त्यामागे दिसतो. त्या चाचणीत काढलेला भाग सर्व कसोट्यांवर निर्दोष निघण्याचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ८६.९ टक्के, तर दुर्बिणीने ८१.७ टक्के होते. फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण ‘दुर्बीण कमी पडत नाही’ हे सिद्ध झाले नाही, एवढ्यावरून ती कमी पडते असे ठरत नाही. आणि कसोटी लागली होती ती काढलेल्या भागाची. पुढे दोन वर्षांनी त्याच रुग्णांच्या रोगमुक्त जगण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. दक्षिण कोरियात आधी रेडिएशन व केमोथेरपी घेतलेल्या ३४० रुग्णांत तीन वर्षांचे रोगमुक्त जगणे दुर्बिणीने ७९.२ टक्के आणि पोट उघडून ७२.५ टक्के होते. या चाचण्यांतले सारे शल्यचिकित्सक निवडक, मुरलेले होते, हा आक्षेप रास्तच आहे; अरुंद ओटीपोटात नवख्या हाताला असे निकाल मिळतील, असे मानणे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होईल. शिवाय याच प्रश्नावरील युरोपातील एका मोठ्या चाचणीने शेजारच्या अवयवांत घुसलेल्या गाठी वगळल्या होत्या, त्यामुळे तिचे दिलासादायक आकडे अशा रुग्णांना लावता येत नाहीत.