एका कॅमेऱ्याकडून अनेक कॅमेऱ्यांकडे : अल्पखर्चिक समकालिक चित्रण आणि सोलापूरचा हातमाग

प्रस्तावना

सोलापूरचा अर्वाचीन इतिहास हा प्रामुख्याने वस्त्रोद्योगाचा इतिहास आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली 'जुनी मिल', तेलंगणातून येऊन शहराच्या पूर्व भागात स्थिरावलेला पद्मशाली विणकर समाज आणि २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेली सोलापुरी चादर हे त्याचे ठळक टप्पे होत. गिरण्यांचा इतिहास लिहिताना अहवाल, वृत्तपत्रे व सरकारी कागदपत्रे यांचा आधार घेता येतो. हातमागावरील विणकराचे कौशल्य मात्र कागदावर उतरत नाही. ते त्याच्या हातापायांत असते. यंत्रमागाच्या प्रसारामुळे हातमाग मागे पडला असून हे कौशल्य जाणणारी पिढी वृद्ध होत आहे. या कौशल्याची नोंद महाविद्यालयाला परवडेल अशा खर्चात करता येईल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रणाच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

समस्येचे स्वरूप

खड्डामागावर विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसतो. पायाने पट्टी दाबताच ताण्याचे धागे वर-खाली होऊन फट पडते. एका हाताने दोरीला झटका देताच धोटा त्या फटीतून पलीकडे जातो. दुसऱ्या हाताने फणी ओढून बाण्याचा धागा घट्ट ठोकला जातो. या क्रिया एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की, त्यांचा मेळ हेच खरे कौशल्य ठरते. एक कॅमेरा हात दाखवील तेव्हा पाय सुटतात आणि पाय दाखवील तेव्हा कापड सुटते. भाग वेगवेगळ्या वेळी चित्रित करून जोडले, तर मेळ विणकराचा न राहता संकलकाचा होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकाच हालचालीसाठी अनेक कॅमेरे वापरण्याचा प्रसिद्ध आरंभीचा प्रयोग १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झाला. एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे ओळीने मांडलेल्या बारा कॅमेऱ्यांनी घेतली. लेलँड स्टॅनफर्ड या रेल्वेमालकाच्या आर्थिक पाठबळामुळेच हे शक्य झाले. याउलट १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकाच कॅमेऱ्याने, दिवसांमागून दिवस चित्रे घेत टिपली. पैशाची उणीव त्यांनी चिकाटीने भरून काढली. परंतु रोप कॅमेऱ्यासाठी थांबते. धोटा थांबत नाही. सावकाश घडणाऱ्या क्रियेला एक कॅमेरा पुरतो, एकाच क्षणी अनेक ठिकाणी घडणाऱ्या क्रियेला पुरत नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि अनेक कॅमेऱ्यांच्या स्टुडिओतील कार्यक्रम महाराष्ट्रातील प्रेक्षकांपर्यंत पोहोचू लागले. तथापि स्टुडिओच्या या पद्धतीत निर्माता त्या त्या क्षणी एका कॅमेऱ्याचे दृश्य निवडतो आणि सामान्यतः तेच प्रक्षेपित होते व जतन होते. प्रक्षेपणाला निवड आवश्यक असते. अभिलेखागाराला मात्र न निवडलेले दृश्यही हवे असते. पुढील अभ्यासक कोणता प्रश्न विचारील, हे चित्रण करणाऱ्यास आधी कळणे शक्य नसते.

वेबकॅमेऱ्याचा उदय

केंब्रिज विद्यापीठातील संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर रोखलेला कॅमेरा हा वेबकॅमेऱ्याचा पूर्वज मानला जातो. १९९४ मध्ये कनेक्टिक्स कंपनीचा 'क्विककॅम' बाजारात आला. २००० मध्ये यूएसबीची दुसरी आवृत्ती आली आणि तिची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट झाली. पुढे कॅमेऱ्यांसाठी समान यूएसबी मानक रूढ झाल्याने प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळ्या चालक-प्रणालीची गरज उरली नाही.

तरीही मर्यादा राहिल्या. ६४० × ४८० बिंदूंचे, सेकंदाला ३० चौकटींचे असंक्षेपित चित्रण सुमारे १४७ मेगाबिट गती व्यापते. त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीच्या एका यूएसबी नियंत्रकावर असे दोनहून अधिक कॅमेरे सहसा चालत नाहीत. संगणकाला चार जोडण्या असल्या, तरी त्या बहुधा एकाच नियंत्रकाच्या असतात. यावर दोन उपाय आहेत : कॅमेऱ्यातच संक्षेपित होणारे चित्रण निवडणे किंवा दुसरा नियंत्रक अथवा जुना संगणक वापरणे. एफएफएमपेग या मोफत प्रणालीने प्रत्येक कॅमेऱ्याची स्वतंत्र फाइल करता येते. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने तीन कॅमेऱ्यांचे एक तासाचे चित्रण ६.७५ गिगाबाइट होते. साठवणुकीचा हा भार आज महाविद्यालयास जड नाही.

समान काळाचा प्रश्न

खरी अडचण काळाची आहे. प्रत्येक कॅमेरा स्वतःच्या घड्याळाने चालतो. अंधूक प्रकाशात अनेक वेबकॅमेरे चौकटींची गती आपोआप कमी करतात. म्हणून पुरेसा प्रकाश, स्थिर गती आणि आरंभी व अखेरीस सर्व कॅमेऱ्यांना दिसेल व ऐकू येईल अशी खूण आवश्यक ठरते. हातमागावर ही खूण आयतीच मिळते : फणीचा ठोका. प्रत्येक फाइलीत ध्वनी असल्यास त्या ठोक्यांवरून सर्व चित्रणे जुळविता येतात. शिवाय लहान वेबकॅमेरा खड्ड्यात, पायांजवळ बसविता येतो. तेथे स्टुडिओचा अवजड कॅमेरा नेणे अवघड असते. येथे स्वस्त साधन हे महाग साधनाचा दुय्यम पर्याय न राहता अधिक योग्य साधन ठरते.

निष्कर्ष

मायब्रिज यांच्या काळी धनिकाच्या आश्रयाने साधलेले समकालिक चित्रण आज तीन वेबकॅमेरे व एका संगणकावर साधता येते. तथापि कॅमेऱ्यांची संख्या वाढविल्याने इतिहासाचे साधन आपोआप निर्माण होत नाही. सर्व दृश्ये स्वतंत्रपणे जतन करणे, त्यांना समान काळाने बांधणे, विणकराची संमती घेणे, त्याने दिलेली तेलुगू व मराठी नावे नोंदविणे आणि चित्रणाची प्रत त्याच्या घरी पोहोचविणे, या गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या आहेत. इतिहास, वस्त्रतंत्र, संगणकशास्त्र आणि भाषा या विभागांनी एकत्र येऊन हे काम हाती घ्यावयास हवे. साधने पुढेही स्वस्त होत राहतील. हातमागावर बसणारे हात मात्र तोवर थांबणार नाहीत.