महाराजाची पगडी आणि हवाई चप्पल

जुन्या विमानप्रवासाची छायाचित्रे पाहताना बहुतेकांच्या तोंडून एकच उद्गार निघतो: तेव्हा लोक किती नीटनेटके कपडे घालून विमानात बसत! शिडीवरून हात हलवणारे सुटाबुटातले गृहस्थ, हॅट आणि हातमोजे घातलेल्या स्त्रिया; आणि त्यांच्या तुलनेला आजच्या विमानतळावरची बर्म्युडा आणि रबरी चपलांची गर्दी. यातून ऱ्हासाची एक कथा आपोआप तयार होते. ऱ्हासकथांवर आमचा मुळात विश्वास कमी. साहित्याच्या इतिहासात त्या इतक्या वेळा वाचाव्या लागतात, की अन्य क्षेत्रांतही त्या दुरून ओळखू येतात. म्हणून प्रश्न थोडा बदलून विचारावासा वाटतो: तो सूट नेमका कोणाच्या अंगावर होता, आणि का?

आरंभी तर सुटाचा प्रश्नच नव्हता. 1926 साली अमेरिकेत वेस्टर्न एअर एक्स्प्रेसने सॉल्ट लेक सिटी ते लॉस एंजेलिस या मार्गावर पहिले दोन प्रवासी नेले, ते टपालाच्या थैल्यांवर बसवून. वर आकाश उघडे. अशा प्रवाशाला अंगभर झगा आणि हवाई छत्री कंपनीच देई. तेव्हाचा पोशाख ठरवत होते ते वारा आणि थंडी. प्रतिष्ठेला त्यात जागा नव्हती. आपल्याकडे 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून जुहूला आणले तेही टपालच.

पुढे विमानाला बंद, उबदार कक्ष मिळाला आणि मग दिवाणखान्यातले कपडे वर गेले. ते विमानात जन्मले नाहीत. आगबोटीच्या पहिल्या वर्गातून आणि आगगाडीच्या महागड्या डब्यातून जो वर्ग विमानाकडे वळला, त्याने ते सोबत आणले. विमानप्रवासाला शोभणारा वेश अशी काही लिखित संहिता बहुतेक प्रवाशांपुढे नव्हतीच. तिकिटाची किंमत हाच दरवाजा होता, आणि त्यातून आत येणाऱ्यांच्या कपाटात सूट असेच.

त्या काळी आंतरराष्ट्रीय भाडी विमानकंपन्यांची संघटना ठरवी. उत्तर अटलांटिकवर 1952 मध्ये टूरिस्ट वर्ग आला, 1958 मध्ये इकॉनॉमी. या स्वस्त वर्गात प्रवाशाला काय खायला द्यावे यावरूनही कंपन्यांत भांडण जुंपले. सॅन्डविच किती सजवलेले असावे, हा गंभीर वादाचा विषय झाला. भाडे कमी करता येत नाही म्हटल्यावर स्पर्धा उरली ती आतिथ्याची आणि दिसण्याची. दिसण्याचा भार मुख्यतः पडला हवाईसुंदरींवर. 1930 मध्ये एलन चर्च आणि तिच्या सहकारी प्रशिक्षित परिचारिका होत्या आणि विमानात परिचारिकेच्याच वेशात वावरत. पस्तीस वर्षांनी ब्रॅनिफ कंपनीने इटालियन वेशरचनाकार एमिलिओ पुची याच्याकडून असे गणवेश करवून घेतले, की प्रवासात एकेक थर उतरवता यावा. जाहिरातीही त्याच अंगाने केल्या. प्रवाशांच्या पोशाखातील सभ्यतेचे गोडवे गाणारे याच काळाला सुवर्णकाळ म्हणतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता आपल्या घराकडे येऊ. आमच्यापैकी एकाच्या घरी सांताक्रुझ विमानतळावरचे 1967 सालचे एक छायाचित्र आहे. काका इंग्लंडला शिकायला निघाले आहेत. अंगात जाड लोकरी सूट, त्यावर ओव्हरकोट, गळ्यात झेंडूचा भरगच्च हार, आणि मुंबईचा उकाडा. लहानपणी या चित्रातला रुबाब तेवढा दिसे. मोठेपणी काकांनीच त्याचा उलगडा केला. सामानाची मर्यादा वीस किलो. ओव्हरकोट पेटीत घातला तर पुस्तके आणि मसाले कशात न्यायचे? आणि परकीय चलनावर बंधने एवढी कडक, की तिकडे पोचल्यावर लोकरी कपडे विकत घेणे शक्यच नव्हते. म्हणून जे जड ते अंगावर. आत्याच्या हातचे लोणचेही कोटाच्या खिशात होते म्हणतात. छायाचित्रात एक खिसा फुगलेला दिसतो खरा. ज्याला आपण सभ्यता म्हणतो त्यातला काही भाग तराजूचा होता.

या काळात आपल्या विमानसेवेचे बोधचिन्ह होते महाराजा. बॉबी कूका यांची कल्पना आणि उमेश राव यांचे रेखाटन यांतून 1946 मध्ये मुंबईत तो जन्मला: पगडी, झुपकेदार मिशा, कमरेत लवून केलेले स्वागत. 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनीव्हामार्गे लंडनला निघाले, ते संस्थाने विलीन होत असतानाचे दिवस. खरे राजे राज्य सोडत होते आणि चित्रातला राजा यजमान होत होता! आरंभी आपल्या हवाईसुंदरी पाश्चात्त्य स्कर्ट घालत. साडी मागाहून आली, आणि तीच देशाची ओळख ठरली. त्या साडीमागे मात्र नोकरीच्या अटी होत्या. नेमणुकीपासून चार वर्षांत लग्न केले, किंवा पहिल्यांदा दिवस गेले, की नोकरी संपे. एरवी पस्तिशीला निवृत्ती. नर्गेश मिर्झा खटल्यात 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट रद्द केली. लग्नाची कायम ठेवली.

प्रवाशाचा सूट उतरला तो संस्कार बिघडल्यामुळे नव्हे, भाडी उतरल्यामुळे. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने भाड्यांवरचे नियंत्रण उठू लागले. आपल्याकडे 1953 पासूनची सरकारी मक्तेदारी 1994 मध्ये कायद्याने संपली, आणि 2003 मध्ये एअर डेक्कनने हुबळी–बंगळूर मार्गावर स्वस्त उड्डाणे सुरू केली. या कंपनीने बोधचिन्ह म्हणून निवडला आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस. धोतर, चौकड्यांचा कोट, डोक्यावर उरलेसुरले केस. वर्षानुवर्षे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मुकाट उभा राहून जग पाहणारा हा गृहस्थ विमानात चढला. महाराजाच्या पगडीपासून या धोतरापर्यंतचे अंतर हाच आपल्या विमानप्रवासाचा सामाजिक इतिहास, असे आम्हांस वाटते. त्याचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. कंपनी दुसऱ्या, अधिक झगमगीत कंपनीच्या हाती गेली आणि 2008 पर्यंत तिचे नावही पुसले गेले. ती झगमगीत कंपनी 2012 मध्ये जमिनीवर आली, हा भाग निराळा.

डिसेंबर 2001 मध्ये एका प्रवाशाने बुटात स्फोटके दडवून विमानात प्रवेश मिळवला. त्यानंतर अमेरिकी विमानतळांवर बूट काढण्याची पद्धत रूढ झाली, ती 2025 पर्यंत टिकली. कपडा आता प्रतिष्ठेऐवजी संशयाच्या नजरेने वाचला जाऊ लागला. डिसेंबर 2010 मध्ये अमेरिकेतील भारताच्या राजदूत मीरा शंकर यांना मिसिसिपीतील जॅक्सन विमानतळावर रांगेतून बाजूला घेऊन, अंग चाचपून तपासण्यात आले. त्या साडीत होत्या, आणि साडी हेच त्याचे कारण सांगितले गेल्याच्या बातम्या आल्या. यजमानीण म्हणून नेसलेली साडी जाहिरातीत शोभते. पाहुणी म्हणून नेसली की चाचपली जाते.

नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेचे वाहतूकमंत्री शॉन डफी यांनी प्रवाशांना आवाहन केले, की विमानतळावर पायजमा आणि स्लिपर घालून येऊ नका. तिकडे स्लिपर म्हणजे घरात वापरायच्या मऊ सपाता. मराठी घरात स्लिपर म्हणतात ती दोन पट्ट्यांची रबरी चप्पल, जिला हिंदीत हवाई चप्पल म्हणतात आणि जी घालून माणसे बाजारात, रानात, दवाखान्यात सर्वत्र जातात. एप्रिल 2017 मध्ये ‘उडान’ योजनेतील पहिल्या सिमला–दिल्ली उड्डाणाच्या वेळी आपल्या पंतप्रधानांनी हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसावा, अशी इच्छा बोलून दाखवली होती. ती कितपत पुरी झाली, हे तिकिटांचे आजचे दर पाहून ज्याने त्याने ठरवावे. पण एका देशाला जी पादत्राणे विमानात नकोशी झाली, साधारण तीच दुसऱ्या देशाने विमानात पाहण्याचे स्वप्न म्हणून सांगितली, हे मौजेचे आहे.

काकांचे छायाचित्र हे लिहिताना पुन्हा काढून पाहिले. काकांच्या मागे निरोपाला आलेली वीसएक माणसे आहेत; गावाकडून रात्रीच्या एस.टी.ने आलेली. धोतरे, नऊवारी, टोप्या. पहिल्या ओळीतल्यांचे पाय स्पष्ट दिसतात. काही अनवाणी आहेत, बाकीच्यांच्या पायांत चपला.